मॉरिशसमधल्या ला गोलेत गावच्या काकांना, अडल्या वेळी इंटरनेट जोडून दिल्याबद्दल

ती. काका आणि सौ. काकू यांना,
सा. न. वि. वि.

साताऱ्याला सुखरूप पोहोचलो. निघताना तुमच्या फाटकापाशी धड बोलणं झालंच नाही. बॅगा गाडीत चढत होत्या, सासूबाई काकूंचा हात सोडत नव्हत्या आणि ड्रायव्हर सारखा घड्याळाकडे बघत होता. जे बोलायचं राहून गेलं ते आता लिहिते. तुमच्या सूनबाई शाळेत मराठी शिकवतात, त्या वाचून दाखवतील याची खात्री आहे. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिलंय, कारण तुम्ही आमच्यासाठी केलंत ते चारचौघांत सांगावं असंच आहे.

आमचं मॉरिशसला येणं सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून. दीर लंडनहून येणार, आम्ही मुंबईहून, आणि भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही म्हणून सगळ्यांच्या सोयीचं ठिकाण मॉरिशस. घर दिरांनी ठरवलं, ल मॉर्नच्या डोंगराजवळ, समुद्रापासून चालत जाण्याइतकं. बुकिंग हिवाळ्यातच झालं होतं. लेकीची इंजिनिअरिंगची कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाची केंद्रीय फेरी, नेमक्या त्याच आठवड्यात येईल हे तेव्हा कोण सांगणार? प्रवेशांचं काम बघणाऱ्या सीईटी सेलचं वेळापत्रक लागतं तेव्हाच कळतं. घराच्या माहितीत वाय-फाय आहे असं स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यामुळे ऑप्शन फॉर्म तिथूनच भरू, असं धरून चाललो होतो.

आणि घरात पाऊल टाकलं तर वाय-फाय बंद.

घरमालक फ्रान्समध्ये. त्यांनी फोनवर सांगितलं की तक्रार नोंदवलीय, माणूस येईल. कधी येईल ते नाही सांगितलं. माझ्या फोनवर रोमिंगचं छोटं पॅक होतं, पण खालच्या मजल्यावर रेंजच टिकत नव्हती. वेबसाइट अर्धी उघडायची आणि लॉगिन गळून पडायचं. ज्यांच्या घरी बारावीचं मूल होऊन गेलंय त्यांना सांगायला नको, ऑप्शन फॉर्म म्हणजे काय असतो. कॉलेजांची आणि शाखांची यादी, मागच्या वर्षीचे कट-ऑफ, कुठलं वर घ्यायचं, कुठलं खाली. एकदा कन्फर्म केलं की झालं. पोरीने दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केला होता. तिचा चेहरा इतका उतरला की सासरे म्हणाले, परतीची तिकिटं बदला.

तेवढ्यात तुम्ही कुंपणापलीकडून विचारलंत, “काय झाला? कोणी आजारी हाय काय?” मॉरिशसच्या त्या गावात आमच्या कोकणातल्या माणसासारखी मराठी ऐकून मी आधी गप्पच झाले. मग सगळं भडाभडा सांगून टाकलं.

काका, तुम्ही पुढे काय केलंत ते मला क्रमाने आठवतंय, कारण मी शेजारीच उभी राहून बघत होते.

आत आल्यावर तुम्ही राउटरला हातही लावला नाहीत. तोवर आम्ही तो बंद-चालू करकरून थकलो होतो. तुम्ही भिंतीवरच्या छोट्या पांढऱ्या डब्याकडे गेलात, खाली वाकून त्यावरचा लाल दिवा पाहिलात आणि म्हणालात, फायबर तुटलीय, डब्यापर्यंत उजेडच येत नाही, आत काही करून उपयोग नाही. मग बाहेर जाऊन खांबापासून घरापर्यंतची तार नजरेने धरत गेलात. सुरूच्या झाडाची फांदी वाऱ्याने मोडून तारेवर पडली होती, ती आम्हाला दाखवलीत. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे आग्नेयेचा वारा किती जोराचा असतो हे तोवर आम्हाला समुद्रावरच जाणवलं होतं. आयुष्यभर टेलिफोनच्या लाइनवर काम केलेला माणूस एका दिव्यावरून काय ओळखतो ते मी पाहिलं. दुरुस्तीला वेळ लागणार हे तुम्ही तिथेच सांगितलंत आणि खोटी आशा दाखवली नाहीत. त्यामुळे आमचा उरलेला वेळ वाचला.

त्या संध्याकाळी तुम्ही तुमच्याच घरात आम्हाला बसवलंत. काकूंनी व्हॅनिलाचा चहा केला, लेकीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आणि यादी निदान डाउनलोड तरी झाली. कुणीही इथवर केलं असतं तरी मी आभारच मानले असते. पण तुम्ही म्हणालात, पोरीला रोज रात्री दुसऱ्याच्या घरात अवघडून बसायला लागू नये, तुमचं इंटरनेट तुमच्या घरात हवं. शिवाय तिचं आधार, मार्कशीट, दाखले, सगळं त्यावरून जाणार, तर ते तुमच्याच जोडणीवरून जावं. शेजाऱ्याच्या वाय-फायवरून नको, शेजारी मी असलो तरी नको. हे वाक्य मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या गाडीतून आपण ब्लॅक रिव्हरला सिम घ्यायला गेलो. पासपोर्टची झेरॉक्स पुरेल असं आम्हाला वाटलं होतं, तुम्ही मूळ पासपोर्ट बरोबर घ्यायला लावलात आणि दुकानात तोच लागला. सिम घेतल्यावर तुम्ही तिथून हललाच नाहीत. आधी ते माझ्या फोनमध्ये घालून एक पान उघडून पाहिलंत. मग त्याचा चार आकड्यांचा पिन फोनवरूनच काढून टाकलात. का, असं विचारल्यावर सांगितलंत की राउटरमध्ये सिम घातलं आणि ते पिन मागत राहिलं, तर बाहेरून काहीच कळत नाही, माणूस राउटरलाच दोष देत बसतो. पॅकसुद्धा भरपूर डेटाचं घ्यायला लावलंत. लहान पॅक संपलं की ऐन वेळी रिचार्जसाठी पुन्हा दुकान गाठावं लागतं, हे तुमचं म्हणणं.

सिम घालायला राउटर तुम्ही घरातला जुना आणलात, फोरजी, दोन अँटेनांचा. तो कुठल्याही कंपनीचं सिम घेतो, लॉक केलेला नाही, हे आधीच तपासलेलं होतं. आमच्या भारतातल्या प्लगची पिन तिकडच्या सॉकेटमध्ये बसत नाही, तर जोडही आठवणीने आणलात.

मग ते घर. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. खालच्या हॉलमध्ये राउटर लावला तेव्हा तुम्ही त्याच्या सेटिंगच्या पानावर सिग्नलचा आकडा लेकीला दाखवलात, वजा 113. उणे चिन्हाचा आकडा जितका शून्याकडे सरकेल तितका चांगला, हेही समजावलंत. भिंतीवर थाप मारून म्हणालात, ही भिंत सिग्नल खाते. आणि मग 1960 सालची गोष्ट सांगितलीत. त्या वर्षी आधी अलिक्स आणि मागोमाग कॅरोल, अशी दोन चक्रीवादळं बेटावर आली. तुम्ही तेव्हा लहान होतात. पत्र्याचं आणि लाकडाचं घर डोळ्यांदेखत उडून गेलं, वडिलांनी तुम्हा भावंडांना उसाच्या गाडीखाली धरून ठेवलं. त्यानंतर लोकांनी काँक्रीटची घरं बांधायला घेतली, वरती सपाट स्लॅब टाकून. वादळाला दाद न देणारी ती जाड भिंत मोबाइलच्या लहरींनाही सहजासहजी आत येऊ देत नाही. मी गेली कित्येक वर्षं वाय-फाय वापरतेय, पण घर कसं बांधलंय आणि का बांधलंय याचा त्याच्याशी असा संबंध असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही राउटर घेऊन जिना चढलात. एकेका खिडकीत ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, आकडा वाचायचा. डोंगराच्या बाजूच्या खिडक्यांत काही हाती लागलं नाही. वरच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात, जिथून उत्तरेकडचा किनारा दिसतो, तिथे आकडा वजा 95 वर आला. हा आकडा डेसिबलमधला, तो तीनने वाढला की सिग्नलची ताकद दुप्पट होते, हे तुम्ही सांगितल्यावर लेकीने तिथल्या तिथे हिशेब केला. साठपटीहून जास्त! तेव्हा ती पहिल्यांदा हसली, काका. तुम्हीही बघितलंत ते.

व्हरांड्यातून खालपर्यंत वाय-फाय उतरत नव्हतं, मधे स्लॅब. त्यावर तुम्ही तुमच्या खोपटातून लांबलचक लॅन केबल आणलीत आणि जिन्याच्या कठड्याला चिकटपट्टीने लावत खाली जेवणाच्या टेबलापर्यंत ओढलीत. सासऱ्यांचा पाय अडकू नये म्हणून प्रत्येक पायरीशी ती भिंतीला घट्ट बसवलीत. राउटरचं नाव आणि पासवर्ड लेकीकडून बदलून घेतलात. तो टाइप करताना तुम्ही तोंड फिरवून उभे राहिलात. फोनवरचे फोटो आपोआप वर चढणं आणि लॅपटॉपचे अपडेट थांबवायला सांगितलंत, डेटा त्यातच संपतो म्हणून.

राहिला ओटीपीचा प्रश्न. तो भारतातल्या नंबरवरच येणार. तुमचा सल्ला सोपा होता: भारतातलं सिम फोनमधून काढायचंच नाही, त्याचा डेटा बंद ठेवायचा, फक्त मेसेज येऊ द्यायचे, इंटरनेट राउटरवरून घ्यायचं. फॉर्म कन्फर्म करायच्या वेळी माझा फोन व्हरांड्याच्या कठड्यावर आणि दीर त्यावर डोळे लावून बसलेले. मेसेज आला की ते वरून आकडे ओरडायचे आणि खाली लेक टाइप करायची.

वेळेचंही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. भारत मॉरिशसच्या दीड तास पुढे. भारतात संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन. एका कागदावर दोन्ही वेळा लिहून तुम्ही तो फ्रिजवर लावलात आणि शेवटच्या दिवसाची वाट न बघता आदल्या दिवशीच फॉर्म पूर्ण करायला लावलात. तुम्ही स्वतः टेबलापाशी बसला नाहीत. “पोरीचा निर्णय पोरीने घ्यायचा,” म्हणून बाहेर ओट्यावर बसून राहिलात, काही अडलं तर हाक मारा म्हणून. फॉर्म कन्फर्म झाल्याचा मेसेज आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, आणि पहिली हाक तुम्हालाच गेली.

नंतर तुम्ही तिला समुद्रातल्या इंटरनेटच्या केबलबद्दल सांगितलंत. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर बे जाकोते इथे सेफ नावाची केबल पाण्यातून वर येते. दक्षिण आफ्रिकेहून निघून रियुनियन, मॉरिशस, आपलं कोची आणि पुढे मलेशियातल्या पेनांगपर्यंत, सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. 2002 पासून चालू. तुमच्या पूर्वजांना रत्नागिरीकडून जहाजाने मॉरिशसला यायला कित्येक आठवडे लागले. मागे राहिलेल्यांची खबर त्यांना पुन्हा कधी मिळालीच नाही, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत आणि आम्ही सगळे ऐकत राहिलो. 1834 पासून ऊसमळ्यांसाठी नेलेल्या माणसांबद्दल मी शाळेत एखादी ओळ वाचली असेल. त्या माणसांच्या घरात बसून, त्यांच्या पणतवाकडून ऐकणं फार वेगळं.

पुढचे दिवस सुखात गेले. सासऱ्यांनी पुण्याच्या बहिणीला व्हिडिओवर समुद्र दाखवला, दिरांनी एक दिवस ऑफिसचं काम उरकलं. ज्यासाठी गेलो होतो तो पन्नाशीचा कार्यक्रमही झाला, त्यात काकूंनी केलेली पुरणपोळी होती, ती इकडच्यापेक्षा पातळ आणि वेलचीचा स्वाद जास्त असलेली. सासूबाई अजून तिचं नाव काढतात.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. सिमचे आम्ही भरले तेवढेच. राउटरचं भाडं म्हणून काही द्यायला गेले तर तुम्ही खरंच रागावलात, म्हणून मी पुन्हा तो विषय काढत नाही. पण तुमच्या घरात जाऊन आलेल्या आम्हा सगळ्यांना हे पक्कं माहीत आहे की तुम्ही मदतीला आला नसतात तर आम्ही सहल अर्धी टाकून परतलो असतो, आणि पोरीच्या मनात आजी-आजोबांच्या आनंदावर आपल्यामुळे पाणी पडल्याचं ओझं राहिलं असतं. तिच्यावर ते येऊ दिलं नाहीत याबद्दल आई म्हणून मी तुमची ऋणी आहे.

आता बातमी. पहिल्या फेरीची यादी लागली. लेकीला सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. तिने वरच्या पर्यायांमध्ये कॉम्प्युटरच्या आधी इलेक्ट्रॉनिक्स का घातलं, असं मी विचारलं तर म्हणाली, अँटेना शिकायचाय. हे तुम्हाला तिने स्वतः फोन करून सांगायचं ठरवलंय, तरी मी लिहून टाकते.

राउटर पुन्हा मूळ सेटिंगवर आणून, केबल गुंडाळून सूनबाईंकडे दिला होता, तो तुमच्या खोपटात पोहोचला असेलच. सिममध्ये थोडा डेटा उरला होता, मुदत संपायच्या आत कुणाला तरी वापरायला द्या. सूनबाईंनी वर्गासाठी मागितलेली मराठी गोष्टींची पुस्तकं काढून ठेवली आहेत, चतुर्थीच्या आधी तिकडे मिळतील अशा बेताने पाठवते. काकूंसाठी कंदी पेढे आणि गोडा मसालाही त्यातच.

तुमचा मुलगा म्हणाला होता की पुढच्या वर्षी तुम्हा दोघांना रत्नागिरी बघायला आणणार. मुंबईला उतरलात की थेट साताऱ्याला या, पुढे कोकणात आम्ही घेऊन जाऊ. येण्याआधी कळवा, सिम आम्ही काढून ठेवतो.

सर्वांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
साताऱ्याची पुतणी