ताई, तुम्ही आधी स्वतःची वही उघडलीत म्हणून

प्रिय ताई,

तुमचं नाव लिहायला तुम्ही सक्त मनाई केली आहे. "त्यात काय एवढं, हिशेबच तर केला," म्हणून तुम्ही विषय झटकून टाकलात. बरं, नाव लिहीत नाही. पण पत्र चारचौघांतच लिहिणार. ज्यांनी आम्हाला बुडवलं त्यांनी ते उजळ माथ्यानं केलं, मग आभार मी दबक्या आवाजात का मानू?

काल नव्या घरात न्हाणीघराच्या भिंतीला धरायचा दांडा बसवून झाला. "मी काय म्हातारा झालोय?" म्हणून हे कुरकुरले आणि पाचच मिनिटांनी तोच दांडा धरून पाय धुताना मला दिसले. तुमची इतकी आठवण झाली की कामं टाकून लिहायला बसले.

तुमच्या दारात मी पहिल्यांदा आले तेव्हा हातात एक फुगलेली पिशवी होती. दहा वर्षांचे कागद तिच्यात कोंबलेले. ह्यांची नोकरी ५७ व्या वर्षी गेली. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हे. सात महिन्यांनी हृदयाची शस्त्रक्रिया. आरोग्य विमा कंपनीचा होता आणि आम्ही त्याच्या भरवशावर निवांत होतो. नोकरीबरोबर विमाही जातो हे आम्हाला दवाखान्यात पैसे भरायच्या खिडकीशी कळलं. नवा विमा घ्यायला गेलो तर आधीच्या आजाराला आधी काही वर्षं थांबा, मग बघू, असं उत्तर.

तोवर पैशांच्या बाबतीत माझं शिक्षण एका ओळीचं होतं: जिथे पेन्सिलीची फुली, तिथे सही. फुल्या मारणारे एक गृहस्थ होते. फार गोड बोलायचे, वाढदिवसाला न चुकता फोन करायचे. विमाही होईल आणि बचतही होईल, म्हणत त्यांनी आमच्या गळ्यात १५ वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसी मारली, तेव्हा ह्यांच्या निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. उरलेली दहा वर्षं हप्ते भरायचे कशातून, हा हिशेब त्यांना सुचला नसेल यावर माझा विश्वास नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचा फोन लागला नाही. दोन महिन्यांनी स्वतःच घरी आले. मला वाटलं चौकशीला आले असतील. ते दुसरी पॉलिसी घेऊन आले होते.

नातेवाइकांचं काय सांगू? "राहतं घर विकताय? लोक काय म्हणतील?" असं विचारणारे सगळे तेच, जे दवाखान्याच्या त्या अकरा दिवसांत एकदाही फिरकले नव्हते.

म्हणून तुमच्याकडे येतानाही माझी अर्धी तयारी अपमानाची होती. ताई, माणूस डॉक्टरपुढे अंग उघडं करतो, पण बँकेचं पासबुक उघडताना त्याचा हात थरथरतो. आधी ज्यांच्याकडे सल्ल्याला गेलो होतो त्या सगळ्यांनी बसल्या बसल्या पहिला प्रश्न तोच टाकला होता: एकूण आहेत किती?

तुम्ही तो विचारला नाहीत. पिशवीला हातही लावला नाहीत. उठलात, कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढलीत, मधलं पान उघडलंत, वही माझ्याकडे फिरवलीत आणि म्हणालात, "आधी माझं बघा."

बारीक, शिस्तीतलं अक्षर. एका बाजूला आलेले, दुसऱ्या बाजूला गेलेले. तुमचं निवृत्तिवेतन, ठेवी, गुडघ्यांसाठी बाजूला काढलेली रक्कम, सगळं माझ्यासमोर उघडं. आणि पानाच्या मध्यावर एका मोठ्या आकड्यावर लाल रेघ, तिच्यापुढे तुमच्याच अक्षरात दोन शब्द: "मूर्खपणा. माझा."

मी मान वर केली तर तुम्ही हसत होतात. "असल्याच एका गृहस्थांनी मलाही फुल्या मारून दिल्या होत्या. आणि मी जन्मभर हिशेबतपासनीस!"

मी त्यावर हसले की रडले ते आठवत नाही. पण सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेला आमचा आकडा त्या दिवशी माझ्या तोंडून बाहेर पडला. तुम्ही तो वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलात, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. जणू मी घराचा पत्ता सांगितला होता. पुढे तुम्ही आमच्यासाठी बरंच केलंत, पण त्यातलं काहीही त्या वही फिरवण्याएवढं मोठं नव्हतं, असं मला आजही वाटतं.

नंतरचे बाराएक शनिवार इथे लिहीत बसत नाही. त्यातलं थोडंच सांगते. तुम्ही मला ७२ चा भागाकार शिकवलात. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षांत खर्च दुप्पट. साठाव्या वर्षी ज्याला १०० लागतात त्यालाच ८४ व्या वर्षी ४०० लागतील. "आता औषधपाणी ९ टक्क्यांनी वाढतं असं धरा," म्हणालात आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. आठ वर्षांत दुप्पट. त्याच २४ वर्षांत १०० चे ८००. त्या रात्री मला झोप आली नाही हे खरं, पण निदान कशाची भीती वाटतेय ते तरी कळलं. म्हणूनच आजारपणाची रक्कम घरखर्चात न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवायला लावलीत. तिथून लग्नाला नाही, दुरुस्तीला नाही, मुलाला उसने द्यायलाही नाही. या शेवटच्यावर मी तुमच्याशी भांडले होते. चुकले.

माझ्या दिरांनी ठणकावून सांगितलं होतं की सगळं शेअर बाजारात टाका आणि वर्षाला ४ टक्के काढून खा, तसा नियमच आहे. तुम्ही म्हणालात, नियम कसला, विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकी सल्लागारानं १९९४ मध्ये तिथल्याच शेअर आणि रोख्यांच्या (रोखे म्हणजे सरकारला किंवा कंपनीला व्याजानं दिलेले पैसे) जुन्या आकड्यांवरून केलेला हिशेब आहे. तोही पैसे ३० वर्षं पुरावेत एवढ्यापुरता, शेअर आणि रोखे दोन्ही धरून. "सगळं शेअरमध्ये टाका असं त्या बिचाऱ्यानं कुठे म्हटलंय?" १०० चे ७० झाले तर पुन्हा १०० व्हायला जवळजवळ ४३ टक्के वाढ लागते आणि त्या पडत्या काळात आपण विकून खाल्लेलं तर वर यायला उरतच नाही. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं म्हणूनच सांभाळायची, दोन-तीन वर्षांचा खर्च हाताशी ठेवायचा. दीर अजून बोलत नाहीत माझ्याशी. घर शांत आहे.

ह्यांच्याशी तुम्ही एकदाच बोललात. निवृत्तीच्या आत घरी बसावं लागलं म्हणजे आपण नापास, असं यांच्या डोक्यात बसलं होतं. तुम्ही जर्मनीच्या जुन्या चान्सलरची, बिस्मार्कची गोष्ट काढलीत. त्याच्या काळात तिथे १८८९ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वय ठरवलं होतं ७०, ते ६५ वर आलं १९१६ मध्ये. "सरकारंच ही रेघ वरखाली करतात आणि तुम्ही ती मनाला लावून घेताय होय?" त्या दिवशी हे काही बोलले नाहीत. पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ओळखीतल्या एकांचे हिशेब लिहायला अर्धवेळ जाऊ लागले. पैसे बेताचेच मिळतात, पण तेवढी ठेव मोडावी लागत नाही. आणि हे पुन्हा दाढी करतात रोज.

घराचं मात्र सावकाश करायला लावलंत. मोठ्या घराची किंमत वजा लहान घराची किंमत म्हणजे हातात येणारे पैसे नव्हेत. मध्ये दलाली, कर, नोंदणी, सामान हलवणं, डागडुजी असे सगळे हात पसरून उभे असतात. हे सगळं मांडून झाल्यावरही विकायची परवानगी दिली नाहीत. म्हणालात, "आधी दोन खोल्यांना कडी घाला. तीन महिने. कशासाठी उघडाव्या लागतात ते लिहून ठेवा."

तो कागद माझ्याकडे आहे. तीन महिन्यांत सहा नोंदी. एकदा सूटकेस काढायला, एकदा खिडकी उघडी राहिली म्हणून, आणि चारदा शिवणयंत्रासाठी. आठ खुर्च्यांचं जेवणाचं टेबल त्याच खोलीत होतं, त्याच्यासाठी एकदाही नाही. तेव्हा घर विकायचं ठरलं, टेबल विकलं आणि शिवणयंत्र आमच्याबरोबर नव्या घरी आलं. इतका साधा निवाडा कोर्टातही होत नसेल. सामान हलवणाऱ्या पोरानं ते यंत्र टेम्पोत न ठेवता मांडीवर धरून आणलं. "काकू, सुई हलली तर वैतागाल," म्हणाला. कुणी सांगितलं होतं त्याला?

अशी माणसं असतात, ताई. रांगेत "ही खिडकी नाही, पलीकडची, नाहीतर उगाच तासभर जाईल" असं आपणहून सांगणारी. औषधाच्या दुकानात "हेच घटक असलेलं स्वस्तातलं मिळतं, डॉक्टरांना विचारून बघा" म्हणणारी. त्यांना त्यातून काही मिळत नाही, उलट दुकानाचं नुकसानच. फुल्या मारणाऱ्यांची संख्या मी वर्षानुवर्षं मोजत बसले आणि ही माणसं मोजायचीच राहून गेली.

नवं घर तळमजल्यावर आहे. पायऱ्या तीनच, त्यांनाही कठडा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पडून मरणाऱ्यांमध्ये साठीपुढची माणसं सगळ्यांत जास्त. हे तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलंत की घर बघताना मी स्वयंपाकघराआधी न्हाणीघराची फरशी ओली करून पाहिली. दलाल माझ्याकडे बघतच राहिला.

हप्त्यांची ती पॉलिसी अखेर मोडली. नुकसान झालं. रक्कम मी माझ्या वहीत लिहिली आहे, लाल रेघ मारली आहे आणि पुढे दोन शब्दही लिहिले आहेत. तुमचेच चोरले.

१ तारखेला तुम्हाला घ्यायला येते, इथे बसूनच महिन्याचा हिशेब करू. तुमच्या गुडघ्यांना हे घर झेपेल. या वेळी आधी माझी वही.

तुमची,
वरच्या मजल्यावरून आता तळमजल्यावर आलेली