छातीवर अडकलेला बार

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी इचलकरंजीत बरीच वर्षं पोरांना पॉवरलिफ्टिंग, म्हणजे जास्तीत जास्त वजन उचलायचा खेळ, शिकवतो. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळं काही चुकलं तर सांभाळून घ्या, पण गेल्या आठवड्यात जिममध्ये जे झालं ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलोय.

आमच्याकडं बारावीचा एक पोरगा येतो, डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरनं वजन उचलून उभं राहणं, फार सुंदर मारतो, पाठ एकदम सरळ. त्यानं मोबाईलवर मला फिनलंडच्या आनो तुर्तियाइनेनचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, सर हा खरा मर्द, एवढी डेडलिफ्ट मारतो आणि वर खासदार पण झाला, कुणाच्या बापाला भ्यायला नाही. तुर्तियाइनेन मला ठाऊक होता. आमच्या खेळात जगभर नाव कमावलेला माणूस आहे, त्याची ताकद खोटी नाही आणि ती कुणी त्याच्याकडनं काढून घेऊ पण नये. पण पुढचं पोराला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून मी त्याला बेंचवर बसवून सगळं सांगितलं.

एप्रिल 2019 च्या निवडणुकीत हा माणूस फिन्स पार्टीकडून निवडून आला. 200 खासदारांच्या संसदेत त्या पक्षाचे तेव्हा 39 आले होते. पुढच्या वर्षी 25 मे 2020 ला अमेरिकेत मिनियापोलिसला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांच्या वर गुडघा दाबून धरला, तो माणूस श्वास घेता येत नाही असं सांगत सांगत रस्त्यावर मेला, आणि सगळं जग ते बघून हादरलेलं असताना या खासदारानं ट्विटरवर त्या मरणाची टिंगल करणारी पोस्ट टाकली. पोस्टमध्ये काय होतं ते लिहायला माझा हात धजत नाही. फिन्स पार्टी काही मवाळ पक्ष नाही, बाहेरच्या लोकांना देशात येऊ देऊ नका हेच त्यांचं राजकारण, तरी त्यांनी सुद्धा जून 2020 मध्ये त्याला संसदेतल्या आपल्या गटातनं बाहेर काढलं.

आता मला जे बोलायचंय ते बेंच प्रेसवाल्यालाच, म्हणजे बाकड्यावर उताणं झोपून छातीवरनं वजन वर ढकलणाऱ्यालाच, नीट कळेल. 2009 ला मी एकटाच रात्री प्रॅक्टिस करत होतो, स्पॉटर, म्हणजे अडकलं तर वजन धरणारा, नाही, 130 किलो लावलेले, आणि चौथ्यांदा उचलताना बार, म्हणजे वजनाचा लोखंडी दांडा, छातीवर येऊन बसला तो वर जाईचना. प्लेटा घसरू नयेत म्हणून बारला कॉलर, म्हणजे क्लिपा, लावलेल्या होत्या त्यामुळं बार तिरका करून प्लेटा पाडायची पण सोय नाही. अशा वेळी ओरडता येत नाही हो, कारण ओरडायला आत हवा लागते, आणि जी थोडी आहे ती सोडली की छाती खाली जाते आणि बार अजून खाली बसतो. शेवटी बाहेर चहावाल्याकडं थांबलेल्या एका दादांना आतनं काहीतरी घुसमटल्यासारखा आवाज आला म्हणून ते धावत आले आणि त्यांनी बार उचलला. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात मला माझ्या आईचा चेहरा दिसला होता.

आणि हा तुर्तियाइनेन आयुष्यभर तेच वजन हाताळत आलेला. छातीवर बार अडकणं काय असतं, दुसऱ्यानं हात लावला नाही तर आपण संपलो हे काय असतं, ते जगातल्या कुठल्या खासदाराला माहीत असेल तर यालाच. फ्लॉइडच्या मानेवर तर अर्ध्या मिनिटाच्या जागी नऊ मिनिटं. आमच्या खेळात समोरचा कितीही दुश्मन असला तरी त्याचा बार अडकला की धावायचं हा पहिला नियम आहे, स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसून उठणं, शिकायच्या आधी पोरं हे शिकतात. म्हणून मला त्याचा राग दुसऱ्या कुणाही राजकारण्यापेक्षा जास्त येतो.

नंतर त्यानं 2021 ला स्वतःचा पक्ष काढला, सत्ता जनतेची अशा अर्थाच्या नावाचा, कोरोनात मास्क आणि लसीच्या विरोधात बोलत राहिला. मे 2022 मध्ये नाटोत जायच्या ठरावाला 188 विरुद्ध 8 मतं पडली त्या आठात पण तो होता. ते मत मी त्याच्या विरोधात धरत नाही, त्या आठात डाव्या पक्षाचे पण खासदार होते, वेगळं मत असू शकतं माणसाचं. पण मेलेल्याची चेष्टा हे मत नसतं. 2023 च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

फिनलंडमध्ये ताकदीचा गडी खासदार होऊन असं वागला हे पहिल्यांदा झालं असं पण नाही. 2003 ला टोनी हाल्मे, डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्तीच्या शोमध्ये लुडविग बोर्गा नावानं खेळलेला, फिन्स पार्टीकडनंच हेलसिंकीतनं 16,390 मतं घेऊन निवडून आला होता, राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन यांच्याबद्दल तो जाहीरपणे घाणेरडं बोलला, दारू आणि ड्रग्जनं त्याची पार वाट लागली आणि 2010 ला तो गेला. त्या माणसाचं मला वाईट वाटतं. मतं खेचायला पक्षाला नावाजलेला गडी हवा असतो, तो आतनं कसा आहे ते तिकीट देताना कोण बघतं?

पोरगा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, सर व्हिडिओत हे काहीच नाही. साहेब, खरंच नाही. पेपरमध्ये पण खेळाडू निवडून आला की फोटो मोठा छापता, मेडलं किती ते छापता, पुढं सभागृहात तो काय बोलला, कुणाच्या बाजूनं उभा राहिला हे पण तेवढ्याच जागेत छापा एवढीच विनंती आहे. ही पोरं खेळाचं पान वाचतात, राजकारणाचं पान उघडत पण नाहीत.

परवा तोच पोरगा शेजारच्या बेंचवर एका नवीन मुलाच्या डोक्याशी उभा होता, दोन्ही हात बारच्या खाली धरून, न सांगता.

आपला,
एक पॉवरलिफ्टिंग कोच, इचलकरंजी