कोणता शेअर घेऊ, हे नंतर विचार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. खात्यात थोडी शिल्लक पडून आहे, ऑफिसात जो तो शेअरबद्दल बोलतोय आणि आपणच मागे राहिलो असं वाटतंय, तर "कोणता शेअर घेऊ ते सांग" असं तू विचारलंस. एखादं नाव कळवून मोकळं होणं सोपं होतं. पण मीही सुरुवात याच प्रश्नापासून केली होती आणि ती मला महागात पडली. तुला हे कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

महिन्याअखेरीस जे उरेल ते सगळं मी शेअर बाजारातल्या फंडात टाकत होतो. बँकेत जेमतेम महिन्याभराचा खर्च. मग 2020 ची महामारी आली. 19 फेब्रुवारी ते 23 मार्च एवढ्या दिवसांत अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक, म्हणजे तिथल्या सुमारे 500 मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचे भाव मिळून काढलेला आकडा, सुमारे 34 टक्के घसरला, जगभरचे बाजारही कोसळले. त्यातच माझा पगार अर्ध्यावर आला. रात्री टेबलाशी बसलो होतो. फोनवर लाल आकडा आणि शेजारी कागदावर मांडलेला पुढच्या तीन महिन्यांच्या घरभाड्याचा हिशेब. 'विका' या बटणावर अंगठा नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. शेवटी विकलं. ऑगस्टमध्ये तो निर्देशांक जुना उच्चांक ओलांडून वर गेला होता. माझे पैसे तोवर भाड्यात गेले होते.

बरेच दिवस मला वाटायचं, आपण घाबरलो म्हणून नुकसान झालं. तसं नव्हतं रे. भाडं तर द्यायचंच होतं. तीन महिन्यांत लागणारा पैसा मी दहा वर्षांच्या जागी ठेवला होता, चूक तिथे झाली.

म्हणून तू आधी स्वतःला एवढंच विचार: हा पैसा मला कधी लागणार? वर्षा-दोन वर्षांत लागणार असेल, तर तो मुद्दल शाबूत राहील अशाच ठिकाणी ठेव. व्याज कमी मिळेल, मिळू दे. त्यातही घरखर्चाचे निदान तीन ते सहा महिने भागतील एवढी गंगाजळी बाजूला हवीच. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती सगळ्यात आधी फेड. तिच्यावर जेवढं व्याज जातं तेवढं खात्रीने कमावून देणारी गुंतवणूक मला तरी माहीत नाही.

यानंतर जो उरेल आणि सात-आठ वर्षं ज्याला हात लावायचा नाही, तोच बाजारासाठी. तिथेही एकेका कंपनीच्या मागे लागू नकोस, इंडेक्स फंडापासून सुरुवात कर. निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात असतात, त्या प्रमाणात हा फंड त्या घेतो. जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीने 1976 मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा पहिला फंड काढला. 15 कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले सव्वा कोटीही नाहीत. लोक त्याला 'बोगलचा मूर्खपणा' म्हणाले. पण बोगल यांचं गणित सरळ होतं: बाजार किती देईल ते आपल्या हातात नाही, फंड चालवण्यासाठी आपल्या पैशातून कापला जाणारा खर्च मात्र आहे. तूच करून बघ. 100 रुपये 30 वर्षं ठेवले आणि दरसाल 8 टक्के परतावा मिळाला असं धर. फंडाचा खर्च वर्षाला 0.2 टक्के असेल तर साधारण 952 हातात येतात. तोच खर्च 1.5 टक्के असला तर 661. चक्रवाढ आपल्या बाजूने चालते तशी खर्चाच्या बाजूनेही चालते. फंड घेण्याआधी खर्चाचा आकडा शोधूनच काढ.

आणखी एक. "बाजार शेवटी वर जातोच" असं कुणी म्हणालं तर जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई आठव. 1989 च्या डिसेंबरात गाठलेला उच्चांक ओलांडायला त्याला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. म्हणून सगळा पैसा एका देशात, एका प्रकारात नको, काही भाग रोख्यांत, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला व्याजाने दिलेल्या कर्जात, असू दे. रक्कमही एकदम टाकू नकोस, दर महिन्याला ठरावीक टाक. भाव पडलेले असताना त्याच पैशात फंडाचे जास्त युनिट, म्हणजे हिस्से, मिळतात. शिवाय पहिली घसरण अंगावर येईल तेव्हा रक्कम लहान असेल. आपल्याला झोप लागते की नाही, ते तेव्हाच कळतं.

खात्रीच्या मोठ्या परताव्याचं आमिष कुणी दाखवलं तर तिथून सरळ उठ. 1920 मध्ये बोस्टनला चार्ल्स पाँझी 45 दिवसांत 50 टक्के नफा देतो म्हणायचा आणि नव्या लोकांचे पैसे जुन्यांना वाटायचा. त्याचं नाव आजही अशा योजनांना चिकटलेलं आहे.

आता तू एक काम कर. मागच्या सहा महिन्यांचा खर्च काढून महिन्याचा सरासरी आकडा मला कळव. कर्ज काय आहे, कुणाच्या शिक्षणाला, आजारपणाला, घराला पैसे कधी लागतील, तेही लिही. लाजू नकोस, आकडे लहान असले तरी चालतील. मग रविवारी फोन करतो, दोघे मिळून मांडणी करू.

तुझ्या पत्राची वाट पाहतो.

तुझाच,
जुना मित्र