आजीच्या प्रश्नाचं उत्तर

लीड्स, रविवार सकाळ

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तू विचारलंस, "तिकडचे डॉक्टरही बायकांवर खेकसतात का गं?" तेव्हा मी घाईत होते. खरं उत्तर आज लिहिते.

खेकसत नाहीत. पण न खेकसताही माणसाला गप्प करता येतं, आणि परवा ते माझ्याच हातून झालं. पहाटे तीनला एक पहिलटकरीण होती, इंग्रजी जेमतेम. बाळाचे ठोके मंदावायला लागले, सिझेरियन करावं लागेल असं दिसत होतं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून भराभर सगळं सांगितलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. तिने पेन घेतलं, पण बघत होती माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. माझ्या सीनियर बाईंनी स्टूल ओढलं, तिच्या उशाशी बसल्या, फोनवर दुभाषी घेतला आणि विचारलं, "कशाची भीती वाटतेय?" भूल दिली की बाळ दाखवणार नाहीत, असं तिला वाटत होतं! कमरेत इंजेक्शन देऊ, तू जागीच राहशील, हे कळल्यावर तिने सही केली. दोन मिनिटं लागली असतील. मुलगी झाली, दोघी छान आहेत.

इथे 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मधुमेही आईच्या बाळंतपणाच्या खटल्यात ठरवून दिलंय, की कुठला धोका सांगायचा हे एकट्या डॉक्टरने ठरवायचं नाही, त्या बाईला काय महत्त्वाचं वाटेल ते बघायचं. हा निकाल मला पाठ आहे. तरी मी उभीच राहिले, आजी.

तेव्हापासून आपल्या डॉ. भक्ती यादव डोक्यातून जात नाहीत. 1926 साली महिदपूरला महाराष्ट्रीय घरात जन्मल्या. आपल्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत एकट्या मुलगी. पुढे नंदलाल भंडारी प्रसूतिगृहात, म्हणजे गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्या राबल्या आणि नंतर घरातच 'वात्सल्य' नर्सिंग होम चालवलं. नव्वदीपर्यंत बायकांना फुकट तपासलं. 2017 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी 14 ऑगस्टला गेल्या.

सगळे त्यांना दयाळू म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. डॉक्टरच्या हातात केवढी सत्ता असते! कधी कापायचं ते आपण ठरवायचं, पैसे किती घ्यायचे तेही आपणच. समोरची बाई आडवी, घाबरलेली, कळा देणारी, ती काय बोलणार? भक्तीताईंनी फी सोडली, आणि होता होईतो नैसर्गिक बाळंतपणावरच भर दिला. सिझेरियनने जीव वाचतात, हे मी रोज बघते. पण कळा येऊ देत वाट बघायची तर डॉक्टरला बसून राहावं लागतं, रात्र रात्र. स्वतःच्या सोयीने घड्याळ लावायचा हक्कच सोडावा लागतो. मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या चाळींतून त्यांच्याकडे जाणाऱ्या बायकांबद्दल तू सांगायचीस, तेव्हा मला फक्त 'फुकट' एवढंच ऐकू यायचं.

अश्विनीला एमजीएममध्ये ॲडमिशन मिळाल्याचं आईने कळवलं. पुस्तकं मी पाठवतेच आहे. रामबागेत घरी आली की तिला माझा परवाचा किस्सा सांग, माझी चूक न झाकता. आणि वॉर्डात जायला लागली की पहिल्या पेशंटशी बोलताना ती कुठे बसली होती, ते मला लिहायला सांग.

गुडघ्याला तेल लावतेस ना? आईबाबांना नमस्कार.

तुझी,
मनू