विषय: विम्याच्या नावावर वार्षिक शुल्क कापले, पण विमा कुणाकडे आहे ते सांगत नाही

प्रति,
व्यवस्थापक,
क्रेडिट कार्ड ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसलो. कार्डाच्या अटी तुम्हीच छापल्या आहेत, त्या मी तुम्हाला सांगायला नकोत. माझी तक्रारही तुमच्याकडे नोंदलेली आहे: अपघात विमा आहे म्हणून तुमच्या कार्डाचे वार्षिक शुल्क भरले, पण विमा कंपनी कोणती आणि वारस म्हणून कुणाचे नाव आहे, हे कुणी सांगत नाही.

मी यावल तालुक्यात केळीचा व्यापार करतो. पहाटे कापणी, रात्री गाडी भरून निघेपर्यंत बागेत मुक्काम आणि मधला सगळा वेळ अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर मोटारसायकल. त्या रस्त्यावर रात्री ट्रकच्या उजेडात गाडी चालवलेल्या माणसाला अपघात विमा कशाला हवा, हे विचारावे लागत नाही. मला कार्ड हवे होते ते त्यासाठीच. बिनशुल्काचे कार्ड मिळत होते, त्यात विमा नव्हता. दुसरे एक वर्षाला २,९९९ रुपयांचे होते, विमानतळाच्या लाउंजसहित, ते मला परवडणारे नव्हते आणि उपयोगाचेही नव्हते. तुमचे कार्ड वर्षाला ४९९ रुपयांचे, १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. तुमच्या प्रतिनिधीने फैजपूरला समोर बसून सांगितले की यात अपघात विमा आहे आणि कार्ड हरवल्याचाही विमा आहे. एवढ्यावरच मी सही केली.

दुसऱ्या वर्षाचे शुल्क कापले गेले तेव्हा बायकोने विचारले, "वारस म्हणून माझे नाव कुठे लिहिले आहे?" तिचा प्रश्न बरोबर होता. मी तोच तुम्हाला विचारला, आणि तिथून हे सगळे सुरू झाले.

आजचे बोलणे शब्दशः लिहितो, कारण तुम्ही कॉल रेकॉर्ड करता, ताडून पाहा. मी विचारले, "विमा कंपनी कोणती?" उत्तर आले, "सर, ते ॲपमध्ये दिसेल." मी म्हणालो, ॲपमध्ये फक्त 'विमा संरक्षण' एवढाच शब्द आहे. मला थांबायला सांगितले. बराच वेळ संगीत वाजले. मग दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी सगळी माहिती पहिल्यापासून मागितली, मी ती पहिल्यापासून दिली. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या कार्डावर विमान अपघाताचे संरक्षण आहे. तिकीट याच कार्डाने काढलेले असले पाहिजे." मी विचारले, "रस्त्यावरच्या अपघाताचे काय?" त्या म्हणाल्या, "ते या कार्डात येत नाही. तुम्ही विमानाने जात नाही का सर?" मी सांगितले, मी मोटारसायकलने जातो. त्यावर त्या हसल्या. हसून म्हणाल्या, "मग आतापासून जायला लागा ना सर!"

मी त्यांचे नाव विचारत नाही, कुणाची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. पण केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला, ज्याने तुम्हाला दोन वर्षे शुल्क दिले, त्याच्या जिवावरच्या प्रश्नाला हसायचे, हे तुमच्याकडे कुणी शिकवले? मी चेष्टा करायला फोन केला नव्हता. माझ्यानंतर घर कसे चालेल, एवढेच विचारत होतो.

आता नियमाचे बोलतो. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाचे विमा संरक्षण देताना ग्राहकाची स्पष्ट संमती आणि वारसाचा तपशील घ्यावा लागतो, आणि तो विमा कंपनीकडे नोंदला गेला आहे याची खात्री तुम्ही करायची असते. बिलातही विमा कंपनीचे नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो. माझ्याकडून वारसाचे नाव कुणीही मागितले नाही. एकदाही नाही. मग विमानाचा का होईना, जो विमा आहे म्हणता, तो कुणाला मिळणार होता?

हरवलेल्या कार्डाच्या विम्याचेही तेच. आमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी फसवणूक केली आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले आहे. जे आम्हाला नियमाने मिळते, त्याच्यापेक्षा तुमचा विमा जास्त काय देतो, हे लेखी सांगा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कापतात. अपघाती मृत्यूला दोन लाख, पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. अपघात रस्त्यावर झाला की आकाशात, ते कुणी विचारत नाही, आणि वारसाचे नाव अर्जातच लिहून घेतात. २० रुपयांत हे जमते. तुमच्या ५८८ रुपयांत वारसाचे नाव लिहून घेणेही जमले नाही.

माझ्या सांगण्यावरून सावद्याच्या दोघा मित्रांनी हेच कार्ड घेतले. दोघेही रात्रंदिवस रस्त्यावर असतात. तुमच्यावर माझा विश्वास होता म्हणून मी त्यांना सांगितले होते, आता त्यांनाही हे सगळे सांगावे लागेल, आणि मी सांगणार आहे.

मला दोन्ही वर्षांचे शुल्क परत हवे. विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि अटींची प्रत मराठीत हवी. वारसाची नोंद का झाली नाही, याचे लेखी उत्तर हवे. कार्डावर काहीही बाकी नाही, म्हणून ते बंद करण्याची विनंती याच पत्राने करतो. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला ग्राहकाला द्यावे लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, आणि गरज पडली तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातही उभा राहीन.

उत्तर पत्राने किंवा ईमेलने द्या. फोन करू नका.

तुमचा कार्डधारक,
यावल तालुका, जि. जळगाव