सूचना : कंबरेच्या घेराची मोजणी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ७ ते १० या वेळेत आपल्या दादर येथील वसाहतीच्या सभागृहात १८ वर्षांवरील सर्व रहिवाशांच्या कंबरेचा घेर व उंची मोजण्यात येईल.

वजनकाट्यावर समाधान मानणाऱ्यांनी अवश्य यावे. पोटाच्या आत, यकृत व आतड्यांभोवती साठणारी चरबी त्वचेखालील चरबीपेक्षा अधिक घातक असते. तिच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो. भारतीयांमध्ये ही चरबी तुलनेने कमी वजनातही आढळते, म्हणून आपल्यासाठी पुरुषांना ९० सेंटीमीटर व स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरली जाते. शिवाय घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा.

येणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. शक्यतो उपाशीपोटी यावे व सैल, पातळ कपडे घालावेत.
२. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर माप घेतले जाईल. पोट आत ओढू नये. पॅन्टचे माप येथे ग्राह्य नाही.
३. गरोदर स्त्रियांना हे निकष लागू नाहीत.

स्त्रियांची मोजणी स्वतंत्र खोलीत स्त्री स्वयंसेविका करतील. प्रत्येकाची नोंद त्यालाच चिठ्ठीवर मिळेल. ती फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली जाणार नाही आणि इतरांनीही टाकू नये, ही आग्रहाची विनंती. हे निदान नव्हे. मर्यादेबाहेर माप आलेल्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील साखर, चरबी व रक्तदाब तपासून घ्यावा.

– सचिव