निकेलच्या कॉम्प्लेक्सला एनएमआरचा हट्ट कशाला?

मा. संपादक,
स. न.

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आता संशोधन प्रकल्प करावाच लागतो. अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंध) जोडलेले डायइमाइन लिगंड, म्हणजे दोन नायट्रोजननी धातूला धरणारे रेणू, आणि त्यांचे निकेल कॉम्प्लेक्स, म्हणजे लिगंड व निकेल मिळून झालेले संयुग, हा विषय तालुक्याच्या कॉलेजातही झेपण्यासारखा आहे. १९९५ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ब्रुकहार्ट यांच्या गटाने अशाच डायइमाइन-निकेलने इथिलीनचे पॉलिमर करून दाखवले, तेव्हापासून हा विषय जगभर चालतो. पण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न ठरलेला: कॉम्प्लेक्सचा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात घेतलेला, रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) कुठे आहे? मग पोरं सॅम्पल घेऊन नागपूर-मुंबईकडे धावतात.

हा हट्टच चुकीचा आहे. या कॉम्प्लेक्समध्ये निकेलभोवती दोन नायट्रोजन आणि दोन ब्रोमीन चतुष्फलकी मांडणीत बसतात आणि दोन इलेक्ट्रॉन जोडीविना राहतात. त्यामुळे सिग्नल पसरट होतात, नेहमीच्या ० ते १० पीपीएमच्या बाहेर फेकले जातात. प्रकल्पाच्या वहीत टोकदार, नीट जागच्या जागी बसलेला स्पेक्ट्रम चिकटवलेला असेल, तर तो बहुधा सुट्या लिगंडचाच. एनएमआरचे पैसे लिगंडवर खर्च करावेत. कॉम्प्लेक्सची परीक्षा कॉलेजातच होते.

कृतीत मुलं कुठे अडकतात तेही सांगतो. आधी अॅनिलिनवर अल्काइन बसवायचे: ४-आयोडो-२,६-डायमिथिलअॅनिलिन २.४७ ग्रॅम, ट्रायमिथिलसिलिल-अॅसिटिलीन १.७ मिलि, पॅलेडियमचे ट्रायफिनाइलफॉस्फीन क्लोराइड १४० मिग्रॅ, क्युप्रस आयोडाइड ३८ मिग्रॅ आणि ट्रायइथिलअमाइन ३० मिलि. अमाइनमधून आधी वीस मिनिटे नायट्रोजन सोडायचाच. तो आळस केला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे दोन अल्काइन एकमेकांनाच जोडले जातात आणि महागडा अॅसिटिलीन वाया जातो. पुढे हे अल्काइन बसलेले अॅनिलिन २.२ ग्रॅम, डायअॅसिटिल ०.४३ ग्रॅम, मिथेनॉल १५ मिलि आणि फॉर्मिक अॅसिडचे दोन-तीन थेंब. लिगंडचा पिवळा घन पदार्थ येतो. अल्काइनमुळे अॅनिलिन जरा सुस्त होते, म्हणून घाईने गाळले तर एकाच बाजूला इमाइन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) झालेला माल हाती येतो. आयआरमध्ये (अवरक्त स्पेक्ट्रममध्ये) १७०० सेमी⁻¹ च्या आसपास कार्बोनिलचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा) पट्टा दिसला की समजावे, अजून थांबायला हवे होते. अल्काइनच्या टोकाचा सिलिल (सिलिकॉनचा) गट काढायचाच असेल तर निकेल घालण्याआधी.

निकेलचा टप्पा मात्र हवामान बघूनच घ्यावा. हायड्रेट निकेल ब्रोमाइड ट्रायइथिल ऑर्थोफॉर्मेटने कोरडे करून डायमिथॉक्सिइथेनबरोबर नारिंगी-पिवळी पूड मिळते. श्रावणात ती उघडी राहिली की हिरवट पडते, म्हणजे पाणी शिरले. मे महिन्याची गंमत वेगळीच. अकोला-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर, डायक्लोरोमिथेन उकळते ४० ला, ईथर ३५ ला. बाटलीचे बूच उघडतानाच सांभाळावे लागते, तिथे रात्रभर ढवळणार कसे? डिसेंबर-जानेवारीत ०.३१ ग्रॅम पूड, ०.५१ ग्रॅम लिगंड, २० मिलि कोरडे डायक्लोरोमिथेन, नायट्रोजनखाली रात्रभर ढवळले की तपकिरी कॉम्प्लेक्स मिळते. हेक्झेनने धुतले की जादा लिगंड निघून जातो.

आता तपासणी. आयआरमध्ये लिगंडचा १६४० जवळचा इमाइनचा पट्टा खाली सरकला पाहिजे, २१५० चा अल्काइनचा जवळपास तिथेच राहिला पाहिजे. नमुना ज्यात दाबून आयआर काढतात ती केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) पेलेट पावसाळ्यात स्वतःच पाणी ओढते, तेव्हा ३४०० चा पाण्याचा पट्टा पाहून कॉम्प्लेक्सला दोष देऊ नये. निकेलचे प्रमाण डायमिथिलग्लायऑक्झिमने काढता येते, बी.एस्सी.चाच प्रयोग. ०.२ ग्रॅम नमुना तीव्र नायट्रिक-सल्फ्युरिक आम्लात फ्यूम हूडखाली पूर्ण पचवावा, पांढरा सिलिका राहिला तर गाळावा. लाल अवक्षेप सुमारे ८२ मिग्रॅ भरला तर निकेल ८.३ टक्के, म्हणजे हिशेब जुळला. जास्त भरला तर न जुळलेले निकेल ब्रोमाइड आत आहे, कमी भरला तर लिगंड धुतला गेलेला नाही.

गॉय बॅलन्स (चुंबकीय गुण मोजायचा तराजू) अनेक ठिकाणी कपाटात पडून आहे, तो बाहेर काढावा. चतुष्फलकी निकेलचा चुंबकीय आघूर्ण ३.२ ते ४ बोर मॅग्नेटॉनच्या दरम्यान येतो. समतल चौरस असता तर शून्य. ३ च्या आसपास आकडा आणि रंगात हिरवी झाक असेल तर पाणी जोडले गेले असे धरावे. तराजूच्या प्रमाणीकरणासाठी वापरतात त्या मर्क्युरी-कोबाल्ट थायोसायनेटच्या ससेप्टिबिलिटीचा (चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्या मापाचा) १६.४४ (×१०⁻⁶) हा आकडा २० अंशांचा आहे. आपल्या ४० अंशांच्या प्रयोगशाळेत तो १५.४२ होतो. पुस्तकातला आकडा तसाच उचलला तर ससेप्टिबिलिटीतच साडेसहा टक्क्यांची चूक होते.

तेव्हा परीक्षकांनी लिगंडचा एनएमआर, दोघांचे आयआर, निकेलचे प्रमाण आणि चुंबकीय आघूर्ण एवढे पुरेसे मानावे. प्रकल्पाचे वेळापत्रकही असे लावावे की निकेलचा टप्पा होळीच्या आत उरकेल.

– रसायनशास्त्राचे काही प्राध्यापक, ग्रामीण विदर्भ